अर्ज वाचत नाहीत, तपासतात

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर दोन-तीन माणसे हमखास येतात, तशी या मे महिन्यातही आली. शेजारच्या खेड्यातले एक कास्तकार मुलाच्या निकालाची छापील प्रत चौघडी करून खिशात घालून आले होते. मुलगा कला शाखेतून अठ्ठ्याहत्तर टक्के गुण घेऊन उत्तीर्ण झाला होता आणि त्याला वकील व्हायचे होते. "वकीलबाई, पोराचे टक्के चांगले आले. आता लॉचा फॉर्म कुठी भरू, तेवढं सांगा," असे त्यांनी मोठ्या उमेदीने विचारले. मला त्यांना सांगावे लागले की राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा गेल्या डिसेंबरातच होऊन गेली आहे आणि राज्याच्या सीईटीचा अर्ज भरण्याची मुदतही निकालाच्या बरीच आधी संपली आहे. त्यांनी प्रत पुन्हा उलगडली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "पण टक्के तं हायेत ना?"

टक्के होते, परंतु त्या टक्क्यांचा उपयोग फक्त उंबऱ्यापुरता होता. वकिली व विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत सर्वसाधारण प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. ही अट पूर्ण झाली की पुढची सगळी गुणवत्ता प्रवेश परीक्षेच्या गुणांवर ठरते, आणि त्या रांगेत शेहेचाळीस टक्केवाला अठ्ठ्याहत्तर टक्केवाल्याच्या पुढे उभा असू शकतो. दहावी-बारावीच्या टक्क्यांना देव मानणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट पालकांच्या गळी उतरवणे फार अवघड जाते.

माझी पुतणी, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, यंदा बारावीत आहे आणि तिच्या अर्जाची तयारी गेले वर्षभर आम्ही दोघी मिळून करीत आहोत. त्या तयारीत जे हाती लागले आणि माझ्या स्वतःच्या वेळी जे हातून गेले, ते सविस्तर लिहावे असे ओसरीवरच्या त्या सकाळपासून मनात होते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. विधी महाविद्यालयाचा भक्कम अर्ज म्हटले की इंटरनेटवर जी माहिती सापडते ती बहुतेक अमेरिकेतली असते. तिथे उमेदवाराने स्वतःविषयी लिहिलेले निवेदन, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, पदवीचे गुण आणि प्रवेश परीक्षेचा गुणांक असे सगळे एका पुडक्यात जाते, आणि प्रवेश समितीतील माणसे ते पुडके खरोखर वाचतात. आपल्याकडे तसे घडत नाही. आपला अर्ज कोणी वाचत नाही, तो तपासला जातो. खिडकीपलीकडच्या किंवा संगणकापलीकडच्या माणसाला तुम्ही का वकील होऊ पाहता यात रस नसतो. गुणपत्रिकेवरचे नाव आणि जातीच्या दाखल्यावरचे नाव एकच आहे का, दाखल्याची मुदत शिल्लक आहे का, अपलोड केलेला कागद वाचता येतो का, एवढेच त्याला पाहायचे असते, आणि तेवढेच पाहण्याची त्याला मुभा असते. त्यामुळे आपल्या मुलांच्या अर्जाचे बळ शब्दांपेक्षा तारखांत आणि कागदांत साठवावे लागते.

आधी तारखांविषयी. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे जाण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट 'क्लॅट'ची. देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही सामाईक परीक्षा २००८ पासून होते आणि गेली काही वर्षे ती डिसेंबर महिन्यात, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्याही आधी घेतली जाते. याचा सरळ अर्थ असा की तिचा अर्ज बारावीच्या पावसाळ्यात, सोयाबीनच्या काढणीच्या आत भरावा लागतो आणि अभ्यास अकरावीतच सुरू व्हावा लागतो. परीक्षा केवळ इंग्रजीत असते. दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. २०२० पासून जवळजवळ सगळे प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात. कायद्याचे आधीचे ज्ञान लागत नाही. उताऱ्यात एखादे तत्त्व दिलेले असते आणि ते समोरच्या घटनेला लावून दाखवायचे असते. गणिताचा वाटा सर्वांत लहान असून तो दहावीच्या पातळीचा असतो, त्यामुळे गणिताच्या धास्तीने ही परीक्षा टाळणाऱ्या मुलांनी उगीच कच खाऊ नये. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. पैकी नागपूरचे विद्यापीठ बुटीबोरीजवळच्या वारंगा गावाच्या शिवारात उभे आहे. ते आपल्या भागातल्या अनेक पालकांनी हिंगणघाटकडून नागपूरला जाता-येता रस्त्यावरच्या पाटीवर वाचलेलेही असते, फक्त ते आपल्या पोरांसाठी आहे असे त्यांना वाटलेले नसते.

दुसरी वाट राज्याच्या सीईटी कक्षाकडून घेतल्या जाणाऱ्या विधी सीईटीची. ही परीक्षा २०१६ पासून सुरू झाली. ती संगणकावर होते, इंग्रजीबरोबर मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून या परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ वेडेपणा आहे, आणि तरीही दरवर्षी मुले "येत नव्हतं म्हणून सोडलं" असे सांगतात. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी याच कक्षाकडून वेगळी होते. ओसरीवर आलेल्या त्या मुलाला मी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.ला नाव घालायला सांगितले. पुढच्या वर्षी त्याने दोन्ही परीक्षा द्याव्यात, आणि नाहीच जमले तर बी.ए. पुरे करून तीन वर्षांच्या वाटेने यावे. तीन वर्षांची वाट हलकी आहे असे मानण्याचे काही कारण नाही. नागपूरचे शरद बोबडे २०१९ मध्ये आणि अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. दोघांनीही कायद्याची पदवी विदर्भातल्याच विद्यापीठांतून घेतलेली आहे.

अभ्यासाविषयी मी फार लिहिणार नाही, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पुतणीच्या बाबतीत एकच गोष्ट फळाला आली असे वाटते. आमच्याकडे इंग्रजी वर्तमानपत्र एस.टी.ने दुपारी येते, कधी येतच नाही. म्हणून ती सकाळी मराठी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचते, त्यातला मुख्य मुद्दा आणि त्यावरचा आक्षेप वहीत दोन ओळींत लिहिते, आणि रात्री मोबाइलवर त्याच विषयावरचा इंग्रजी लेख वाचते. विषय आधीच डोक्यात बसलेला असल्यामुळे इंग्रजीची भीती अर्धी होते. पहिल्या दोन महिन्यांत तिला एका लेखाला चाळीस मिनिटे लागत. आता बारा-पंधरा लागतात.

आता कागद. इथे मला थांबून सांगावे लागेल, कारण माझे स्वतःचे एक वर्ष इथेच बुडाले.

२०१७ साली मी पदवीनंतरची सीईटी दिली. गुण बरे पडले आणि इतर मागास प्रवर्गातून एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या महाविद्यालयात मला जागा मिळाली. जातीचा दाखला माझ्याजवळ होता. नव्हते ते जात वैधता प्रमाणपत्र. दाखला उपविभागीय अधिकारी देतात आणि वैधता जात पडताळणी समिती देते, हे दोन वेगळे कागद आहेत आणि राखीव जागेसाठी दोन्ही लागतात, हे मला प्रवेशाच्या यादीत नाव लागल्यावर कळले. मी धावाधाव करून प्रस्ताव दाखल केला. कार्यालयाने त्रुटी काढली, ती मी भरून दिली, मग दुसरी काढली; पहिल्याच वेळी दोन्ही सांगितल्या असत्या तर कदाचित माझे काम झाले असते, असे मला आजही वाटते. प्रमाणपत्र प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर अकरा आठवड्यांनी हातात पडले. जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. पुढच्या वर्षी मी घरापासून जवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तिथेच शिकले. त्या महाविद्यालयाविषयी माझी काही तक्रार नाही, तक्रार त्या अकरा आठवड्यांविषयी आहे.

वैधतेच्या प्रस्तावाचा गाभा म्हणजे जुना पुरावा. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्या तारखेपूर्वी तुमच्या घराण्यातला कोणी तरी महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत राहत होता आणि त्याची जात कुठल्या तरी सरकारी नोंदीत लिहिलेली होती, हे कागदाने दाखवायचे असते. विदर्भात हे कागद साधारणपणे तीन ठिकाणी सापडतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक असते, ज्यात "अमुक वल्द तमुक" अशी नोंद आणि पुढे जातीचा रकाना असतो. भूमी अभिलेख आणि तहसील कार्यालयांत जुने अधिकार अभिलेख असतात. आणि गावच्या प्राथमिक शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. कोतवाल बुकात नोंद सापडायला जन्माचे वा मृत्यूचे वर्ष आणि त्या काळचे मौजाचे नाव ठाऊक असावे लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "कोणत्या दुष्काळाच्या साली" असे विचारले तर वर्ष बरोबर निघते, थेट तारीख विचारली तर निघत नाही.

आमच्या बाबतीत कोतवाल बुकाचे नेमके ते पान वाळवीने खाल्लेले निघाले, म्हणून मी आजोबांची शाळा गाठली. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून लाल कापडात बांधलेले रजिस्टर काढून टेबलावर ठेवले आणि पाने उलटताना ती तुटू नयेत म्हणून स्वतःच दोन्ही हातांनी उलटली. आजोबांचे नाव एकाहत्तराव्या क्रमांकावर होते. काळी शाई तपकिरी पडली होती. नाव एकेरी, आडनाव नाही, बापाचे नाव, जात, जन्मतारखेच्या जागी अदमासे लिहिलेले वर्ष, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण: "गुरे राखणे". इयत्ता दुसरी. आजोबा शाळेत गेले होते हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. ते आयुष्यभर अंगठा लावत आले होते. त्या नोंदीच्या साक्षांकित नकलेवर माझी वैधता झाली.

त्या नकलेने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. रजिस्टरात आजोबांचे नाव नुसते होते, सातबाऱ्यावर त्याला "राव" लागला होता आणि माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावामागे "जी" आला होता. आपल्याकडे माणूस वयाने वाढतो तसे त्याचे नावही मानाने वाढते. कागद मात्र ही वाढ मान्य करीत नाही, त्याला ही तीन माणसे दिसतात. यावर उपाय म्हणजे ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे वंशावळीसह प्रतिज्ञापत्र. तेच दहावीच्या गुणपत्रिकेवरील इंग्रजी स्पेलिंगचे. दहावीच्या कागदावर जे स्पेलिंग आहे तेच आधारवर, बँकेच्या खात्यावर आणि प्रत्येक दाखल्यावर असले पाहिजे, आणि ते जुळवण्याची वेळ अकरावीची आहे, प्रवेशाच्या आठवड्याची नव्हे. पुतणीच्या आधारवर आडनावात एक अक्षर जास्त होते. ते दुरुस्त करायला आम्हाला दोन फेऱ्या पडल्या. प्रवेशाच्या वेळी लक्षात आले असते तर किती पडल्या असत्या, ते सांगवत नाही.

प्रतिज्ञापत्राचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक. शासकीय कार्यालयात सादर करायच्या अशा प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ सालीच माफ केलेले आहे, ते साध्या कागदावर चालते. तरीही तहसीलच्या आवारात "स्टँपशिवाय होत नाही" असे सांगणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नये. माफीचा आदेश छापून बरोबर ठेवावा आणि शांतपणे पुढे करावा.

बाकीचे कागद मी भराभर सांगते. अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र, आणि ज्यांना लागू आहे त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचे किंवा नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र. नॉन-क्रीमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जानेवारीत काढलेला दाखला जुलैत कामाचा राहील की नाही हे त्यावरील तारीख पाहूनच ठरवावे. कित्येक मुले हा दाखला घाईने लवकर काढतात आणि प्रवेशाच्या वेळी तो मुदतबाह्य ठरतो. लवकर केलेले सगळेच काम चांगले असते असे नाही.

सीईटी झाली की मुले निर्धास्त होतात, आणि पुढची ठेच तिथेच लागते. सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, ज्याला सगळे 'कॅप' म्हणतात, स्वतंत्र नोंदणी करावी लागते, स्वतंत्र शुल्क भरावे लागते, सगळे कागद पुन्हा अपलोड करावे लागतात आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. गेल्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या एका मुलीला सीईटीत उत्तम गुण होते आणि ती महिनाभर महाविद्यालयाकडून फोन येण्याची वाट पाहत घरी बसली होती. कागदाचा फोटो मोबाइलने काढून चढवू नये, कारण घडीची सावली नेमकी शिक्क्यावर पडते आणि तपासणारा तो परत करतो. सेतू केंद्रात दहा-वीस रुपये देऊन नीट स्कॅन करून घ्यावा आणि सगळ्या फाइली एका पेन ड्राइव्हमध्ये, शिवाय स्वतःच्या ई-मेलवर ठेवाव्यात. स्वतःच्या म्हणजे स्वतःच्या. सेतूवाल्याचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल अर्जात घातल्यामुळे ओटीपीसाठी त्याच्या दुकानाच्या पायरीवर तिष्ठत बसलेली मुले मी पाहिली आहेत.

पसंतीक्रमाचा निर्णय घरात बसून, खर्चाचा कागद समोर ठेवून करावा. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. बाबासाहेब १९३५ ते १९३८ या काळात तिथे प्राचार्य होते. पुण्याचे आय.एल.एस. १९२४ चे. ही नावे यादीत वर घालायला हरकत नाही, घालावीतच. परंतु त्यांच्या खाली नागपूर, अमरावती, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर येथली महाविद्यालयेही विचारपूर्वक लावावीत आणि त्यांना बार काउन्सिलची चालू वर्षाची मान्यता आहे का ते पाहून घ्यावे. "हजेरीची काही भानगड नाही, फक्त परीक्षेला या" असे सांगून मुले ओढणारे मध्यस्थ दरवर्षी गावोगाव फिरतात. बार काउन्सिलच्या नियमांनुसार प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के हजेरी लागते, त्यामुळे असे सांगणारा माणूस आपल्या मुलाच्या पदवीचा पाया पोकळ करीत असतो.

याच मध्यस्थांकडून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेण्याचा मोह मुलींच्या पालकांनी तर अजिबात धरू नये. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते; अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. कोट्यातून गेलेल्या मुलीला हा लाभ मिळत नाही. माझ्या भावाने हे ऐकल्यावर वावरातून आणलेल्या पिशवीवरच आकडे मांडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसला. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार या योजना आहेत, आणि त्यांचे अर्ज प्रवेशानंतर वेगळे भरावे लागतात.

मी वर म्हटले की आपला अर्ज कोणी वाचत नाही. त्याला अपवाद आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठाची फी वर्षाला लाखांत जाते, आणि ती पेलण्यासाठी खासगी शिष्यवृत्तीकडे वळावे लागले की तिथे "तुम्हाला कायदा का शिकायचा आहे" हा प्रश्न येतो. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'इडिया' ही संस्था वंचित घरांतल्या मुलांना क्लॅटसाठी तयार करते, आणि अशा ठिकाणी मुलाची निवड करणारी माणसेही त्याचे बोलणे ऐकून घेतात. तिथे वाचणारा डोळा असतो आणि तिथे आपली मुले हटकून पुस्तकी होतात.

पुतणीने पहिल्यांदा लिहिलेले पान असे सुरू होत होते: "न्याय हा समाजाचा कणा आहे. लहानपणापासून मला गोरगरिबांसाठी लढण्याची तळमळ आहे." मी तिला म्हटले की हे वाक्य तुझे नाव झाकून कोणाच्याही अर्जात चालेल, म्हणजे ते तुझे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशाचा दुसरा नियम सांगतो की पक्षकाराने आपल्या कैफियतीत महत्त्वाची तथ्ये मांडावीत, आणि तीही थोडक्यात. आम्ही वकील हा नियम रोज मोडतो आणि न्यायाधीश रोज कंटाळतात. मी तिला तेवढेच करायला सांगितले.

तिच्याजवळ तथ्य होते. ती नववीत असताना शेजारच्या वावरवाल्याने धुरा, म्हणजे बांध, नांगरून आमच्या वावराकडे जाणारी गाडीवाट बंद केली. वेचणी झालेला कापूस तेरा दिवस वावरातच पडून राहिला, बंडी, म्हणजे बैलगाडी, बाहेर काढता आली नाही, आणि त्यात दोनदा पाऊस आला. भावाने मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला. स्थळ पाहणीच्या दिवशी पंचनाम्याचा कच्चा नकाशा काढला गेला, त्यात बाभळीचे झाड नाल्याच्या अलीकडे दाखवले होते. ते खरे पलीकडे होते, आणि वाट कुठून जाते ते त्या बाभळीवरूनच ठरणार होते. मोठी माणसे तोंडातोंडी वाद घालत असताना या मुलीने पावले मोजली, नाल्यापासून बाभळीपर्यंत एकोणीस, आणि तलाठ्यांना म्हणाली, "साहेब, बाभूय तिकडून हाय, तुमी इकडून दाखोली." त्यांनी तिथल्या तिथे नकाशा दुरुस्त केला. आदेश यायला पुढे सात महिने लागले, पण तो त्या बाभळीच्या खुणेवरच आला.

हे सगळे तिने पहिल्या मसुद्यात का लिहिले नाही, असे मी विचारले. "आत्या, त्याच्यात काय हाय? ते तं वावराचं भांडण होय," असे तिचे उत्तर होते. शेताच्या वाटेचे भांडण अर्जात लिहिण्याजोगे असते, हे तिला पटायला आठवडा लागला. नंतरच्या मसुद्यात तेरा दिवस आले, एकोणीस पावले आली, कलम आले नाही, कारण नववीत असताना तिला कलम माहीत नव्हते आणि जे तेव्हा ठाऊक नव्हते ते आज मागे नेऊन चिकटवू नये असे आमचे ठरले होते. इंग्रजी तिचेच ठेवले. मी फक्त काळांच्या चुका दुरुस्त केल्या. माझ्या इंग्रजीत ते पान अधिक सफाईदार झाले असते, आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडे पडले असते.

शिफारसपत्राच्या वेळी भावाने विचारले, "आमदारसाहेबाचं पत्र आणू काय? लेटरहेडवर भेटते." आमदारांनी तिला एकदाही पाहिलेले नाही. आम्ही तिच्या मराठीच्या सरांना पत्र मागितले, ज्यांनी तिला दोन वर्षे वादविवादाच्या स्पर्धांना स्वतःच्या मोटारसायकलवर तालुक्याला नेले आहे. मागताना तारीख, पत्र कोणाला जाणार आणि त्यात काय विचारले आहे हे एका कागदावर लिहून दिले, आणि महिनाभर आधी दिले. सरांनी पत्रात तिच्या एका पराभवाविषयी लिहिले आहे: स्पर्धेत हरल्यावर ती परीक्षकांकडे गेली आणि आपला कोणता मुद्दा टिकला नाही ते विचारून आली. हे मला माहीत नव्हते.

क्लॅटचा अर्ज गेल्या आठवड्यात भरून झाला. वैधतेचा प्रस्तावही दाखल आहे, आणि या वेळी तो सोपा आहे, कारण वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या व्यक्तीला वैधता मिळालेली असेल तर तिच्या आधारे पुढच्याचे काम होते. पुतणीच्या फाइलमध्ये वंशावळीच्या पाठोपाठ माझे, अकरा आठवडे उशिरा आलेले प्रमाणपत्र लावलेले आहे. काल समितीकडून एक त्रुटी निघाली: आजोबांच्या शाळेच्या नोंदीच्या नकलेवरील शिक्का अस्पष्ट आहे, नव्याने साक्षांकित प्रत जोडावी. कपाटाची किल्ली आता नव्या मुख्याध्यापिकांकडे असते. त्यांना फोन करून ठेवला आहे, आणि उद्या सकाळी साडेसहाच्या एस.टी.ने आम्ही दोघी निघतो आहोत. तिला ते एकाहत्तर नंबरचे पान स्वतः पाहायचे आहे.